शीतलने विहिरीला दिलेला मासा

मासा ओळखता आला नाही, असं माझ्या बाबतीत आजवर झालेलं नाही. ही फुशारकी आहे आणि ती मी मोकळेपणाने मारते. जन्म रत्नागिरीत, बंदराच्या वासात. पुढे कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवण्यात सगळी नोकरी गेली. निवृत्त झाले तरी बाजारात एखादं विचित्र काही जाळ्यात आलं की कोळणी हाक मारतात, “बाई, ह्या मेल्याचं नाव काय वो?” आणि मी टोपलीत वाकून नाव सांगते. त्यामुळे सचिनने पाठवलेल्या फोटोने माझी झोप उडवली, कारण तो मासा मला ओळखता येईना.

सचिन माझा विद्यार्थी, मूळचा राजापूरचा. आता हिंगोली जिल्ह्यात, डोंगरकड्याहून आत असलेल्या एका बंजारा तांड्यावर मास्तर आहे. फोटोत एका मुलीचे हळदीने पिवळे झालेले दोन हात होते आणि त्या हातांत हातभर लांबीचं काहीतरी सोनेरी. खवले केवढे! पण डोक्यावर नेमका तिचाच अंगठा आलेला. मासा ओळखायचा तर आधी तोंड बघावं लागतं, आणि फोटोत सगळं होतं, तेवढं तोंड नव्हतं.

मी फोन लावला. “अरे, तोंडाचा फोटो काढ.”

“आता कसा काढणार मॅडम? मासा विहिरीत गेला.”

“पडला?”

“न्हाई हो. विहिरीला दिला.”

राजापूरचा मुलगा ‘न्हाई’ म्हणायला लागलेला ऐकून मला हसू आलं. पण पुढचं ऐकून हसू गेलं. पोरीचं नाव शीतल राठोड, अकरावीतली. गळ टाकून मासे धरण्यात तांड्यात तिचा हात धरणारं कोणी नाही. हा फोटो गावोगावच्या मोबाईलवर फिरला आणि लोकांनी तिला खोटारडी ठरवलं. कोणी म्हणे फोटो इंटरनेटवरचा, कोणी म्हणे बाजारातल्या साध्या कटला माशाला हळद फासली. तिचा बाप जवळा बाजारला बैल बघायला गेला, तर तिथे माणसं विचारायला लागली, “काय देविदास, सोन्याचा मासा आणला का इकायला?” बाप तसाच उलट्या पावली घरी आला. आता येत्या रविवारी तांडा बैठकीला बसणार होता, आणि चार माणसांत उभं राहून ‘म्या खोटं बोलले’ असं शीतलने म्हणायचं, म्हणजे विषय मिटला, असं बापानेच ठरवलं होतं.

“आणि पोरगी काय म्हणते?”

“म्हणते, जीभ कापा, पण हे म्हणणार न्हाई.”

मी बॅग भरली.

डोंगरकडा

नांदेडपर्यंतचा प्रवास सांगण्यासारखा नाही. सांगण्यासारखं घडलं ते पुढच्या एसटीत. कुणाच्या घरी रिकाम्या हाताने जायचं नाही अशी आमची रीत, म्हणून मी सुके बांगडे घेतले होते. चांगले चार पदरी कागदात गुंडाळलेले. पण मराठवाड्याचं ऊन आणि सुका बांगडा यांची गाठ पडली आणि वास कागदाला जुमानेना. आधी शेजारची बाई उठली, मग मागचं जोडपं. शेवटी कंडक्टर आला, थैलीकडे बघितलं आणि फार आदराने म्हणाला, “मावशी, थैलीत काही मरून तर न्हाई ना राहिलं?”

“मेलेलंच आहे, पण खायचं आहे,” मी म्हटलं. अख्खी गाडी हसली, तरी माझ्या शेजारी डोंगरकड्यापर्यंत कोणी बसलं नाही.

डोंगरकड्याला सचिन मोटारसायकल घेऊन उभा होता. तिथून आत शिरलो आणि मला वाटलं, डोळ्यांना कावीळ झाली. जिकडे बघावं तिकडे हळद! शेतात चुली पेटलेल्या, त्यांवर ड्रममध्ये हळद शिजतेय, खळ्यावर वाळतेय. रस्ता पिवळा, बैलांची शिंगं पिवळी, कोंबड्यांचे पायसुद्धा. आमच्याकडे हळद म्हणजे डब्यातली चिमूट. इथे माणसं हळदीत चालतात. संध्याकाळपर्यंत माझ्या पांढऱ्या साडीचा काठ पिवळा झाला आणि तो आजतागायत तसाच आहे. लोकांना ‘हळद फासलेला कटला’ हे इतकं सहज का पटलं, ते मला तेव्हा कळलं. या दिवसांत इथे ज्याला हात लावाल ते पिवळंच होतं.

तांडा

देविदास राठोड खळ्यावर उभा होता. उंच, कोरडा माणूस. हात कोपरापर्यंत पिवळे. “राम राम” म्हणाला, पण नजर जमिनीवर.

“एवढ्या दुरून काहून तकलीफ घेतली मॅडम? पोरगी आहे, चुकली. माफी मागंल, झालं.”

“चुकली की नाही ते मासा बघून ठरवू,” मी म्हटलं.

“कोन्ता मासा? कोनाला दिसला?” एवढं बोलून तो ड्रमखाली लाकडं सारायला लागला.

शीतल दारात उभी होती. बारकी, कपाळावर आठ्या, हाताच्या बोटांना गळाच्या दोऱ्याचे काप. मला वाटलं होतं, पोरगी रडवेली असेल. छे! ती रागावलेली होती. मला ते आवडलं.

तिने आधी गळ दाखवला. बांबूची काठी, नायलॉनचा दोरा, तरंगायला जुन्या चपलेच्या रबराचा तुकडा. मी विचारलं, “आमिष काय लावलंस? गांडूळ? कणीक?”

“उंबर.”

“काय?”

“कयाधू नदीच्या डोहावर उंबराचं झाड हाय. पिकलेलं फळ पान्यात पडलं की खालून कोनतरी गट्ट करतंय. म्या लई दिवस बघून राहिले व्हते. कटला, रोहू असं वर येऊन फळ न्हाई घेत. म्हनून म्या गळाला उंबरच लावलं.”

माझ्या अंगावर काटा आला, अगदी खरा. गोड्या पाण्यातला, मोठ्या खवल्यांचा, सोनेरी, आणि पाण्यात पडलेली फळं खाणारा. माझ्या डोक्यात एकच नाव घणघणायला लागलं. पण तोंड बघितल्याशिवाय नाव उच्चारायचं नाही, ही शिस्त मी आयुष्यभर पोरांना लावली, ती मी कशी मोडू?

“मग विहिरीत का टाकलास गं बाई?”

“टाकला न्हाई, दिला.” तिने मला दुरुस्त केलं. “बापूनं विहीर खोल केली तवा तिला मासा द्यायचा राहिला व्हता. असला मासा कोनी बघितला न्हाई, म्हनलं हाच देऊ.”

इथली ही रीत. विहिरीला नवं पाणी लागलं की एक जिवंत मासा तिला द्यायचा. तो पाण्यातली घाण खातो, पाणी राखतो. एकदा दिला की तो विहिरीचा. पुन्हा त्याला गळ लावायचा नाही, जाळं टाकायचं नाही. आमच्याकडे विहिरीत कासव सोडतात, पण त्याला एवढा मान नाही. आणि इथेच सगळं अडलं होतं. खरेपणाचा एकमेव पुरावा पोरीने स्वतःच्या हाताने अशा ठिकाणी ठेवला होता, जिथून तो काढणं म्हणजे दिलेलं परत घेणं.

शीतलच्या आईने, म्हणजे तिच्या भाषेत याडीने, आणखी एक गोष्ट आणून दाखवली. ती लेकीसाठी आरशांची ओढणी भरत होती. गळातून सोडवताना त्या माशाचा एक खवला निघाला होता, तो तिने एका आरशाशेजारी टाके घालून शिवला होता! लखलखीत, माझ्या अंगठ्याएवढा. मी भिंग काढून बघितला. मासा कार्पच्या घराण्यातला, वाढता, तब्येतीने उत्तम. पण मोठ्या कटल्याचा खवलाही चांगला मोठा असतो. मी ते खरं सांगितलं तेव्हा याडीचा चेहरा उतरला. “म्हंजे यानं न्हाई भागत?”

“नाही भागत. मासाच बघायला हवा.”

दुपारभर आम्ही विहिरीच्या काठावर बसलो. जुनी, दगडी पायऱ्यांची विहीर, पाणी हिरवंगार. एकदा काहीतरी वळलं, बुडबुडे आले, बस्स. सचिन म्हणाला, “दिसला मॅडम!” मी म्हटलं, “मला पाणी दिसलं.” उठताना शेवाळावर पाय घसरला आणि माझी एक चप्पल विहिरीला दिली गेली. तीही परत घ्यायची नसते का, असं मी विचारलं तेव्हा शीतल पहिल्यांदा हसली.

रात्रीच्या जेवणाला ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, ठेचा आणि शीतलनेच धरलेल्या बारक्या माशांचा रस्सा. रश्श्यात नारळ नाही, कोकम नाही. भाजलेले तीळ आणि कच्च्या कैरीची आंबट फोड. कोकणी माणसाने हे कबूल करू नये, पण मी तिसऱ्यांदा वाढून घेतलं. माझे बांगडे मात्र याडीने हुंगले आणि न बोलता लांब कडुलिंबाच्या फांदीला टांगले. तांड्यावरची कुत्री संध्याकाळभर त्या झाडाखाली मान वर करून बसली होती.

जेवताना देविदास लेकीशी एक शब्द बोलला नाही. ती वाढायला आली की तो ताटावर हात धरायचा. मला ते बघवेना.

विहीर

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी मी तांड्याच्या नायकाकडे गेले. म्हातारा खाटेवर चहा पीत होता. मी सरळ विषय काढला, “मासा मला एकदा वर बघायचा आहे. हातात. तुमची परवानगी हवी.”

“गळ न्हाई लावायचा.”

“नाही लावणार.”

“जाळं बी न्हाई.”

तेवढ्यात माझ्यामागून शीतल बोलली, “नायक, तो आपूनहून लुगड्यात आला तर?”

नायकाने कप खाली ठेवला. मग म्हणाला, “आपूनहून आला तर ती त्याची मर्जी. पान्याच्या वर जास्ती धरायचा न्हाई. अन् बघून झालं की विहिरीचा विहिरीला.”

झालं! पोरगी पळतच डोहाकडे गेली आणि ओटीभर पिकली उंबरं घेऊन आली. याडीने जुनं सुती लुगडं दिलं. देविदासने विहिरीवरची पाण्याची मोटार बंद केली, पण तो खाली आला नाही. काठावर, पाठ करून बसला. तोवर बातमी फुटलीच होती. तांडा तर आलाच, शेजारच्या वस्त्यांवरची माणसंही आली. ज्यांनी फोटोवर हसून घेतलं होतं, तीही. एकजण माझ्या कानावर जाईल असं बोलला, “रत्नागिरीहून बाई आनली म्हंजे कटल्याचं सोनं व्हतंय व्हय?” मी मान वळवून त्याला नीट बघून ठेवलं.

शीतल पाण्यात कंबरेपर्यंत उतरली. सचिन आणि ती, दोघांनी लुगडं पाण्याखाली झोळीसारखं पसरून धरलं. शेवटच्या पायरीवर मी, साडी खोचून. शीतल एकेक उंबर झोळीच्या वर सोडायची आणि थांबायची. सोडायची आणि थांबायची. वर माणसं चुळबुळत होती. कोणी खोकलं की ती नुसतं वर बघायची आणि तो माणूस तोंडावर हात ठेवायचा.

आणि मग तो आला. खालून, सावकाश, एखाद्या घरधन्यासारखा. एक उंबर गट्ट केलं, वळला, दुसऱ्यासाठी पुन्हा वर आला.

“आता,” शीतल श्वासाएवढ्या आवाजात म्हणाली, आणि दोघांनी झोळी उचलली.

पाणी उसळलं, मी नखशिखांत भिजले, पण मासा झोळीत होता. शीतलने त्याचं डोकं पाण्याच्या पातळीवर धरलं आणि अंगठा बाजूला घेतला. मी तोंड बघितलं. जाड, मांसल ओठ. ओठांशी चार मिशा. कटल्याला मिशी नसते.

आधी हळदीचा निकाल लावायचा होता. मी माझा पांढरा रुमाल काढला, माशाच्या अंगावरून खसाखसा फिरवला आणि वर धरला. रुमाल पांढरा. “बघून घ्या रे! हळद असती तर उतरली असती!”

“मिशा तर शिंगटीला बी असत्यात!” मघाचाच आवाज.

“शिंगटीला खवले असतात का?” मी ओरडले. “आणि आता ऐका सगळे. माशाच्या कानामागून शेपटीपर्यंत एक आडवी रेघ असते. त्या रेघेवरचे खवले मोजायचे. कटल्याला, रोहूला चाळीसच्या वर भरतात. हा मला वाटतो तो असेल तर पंचवीसच्या आसपास भरतील. मी मोजते. तुम्ही माझ्याबरोबर मोजा.”

मी बोट ठेवलं. एक. दोन. पाचापर्यंत मी एकटी होते. मग याडीचा आवाज आला, मग पोरांचा, मग सगळ्यांचा. अर्धे मराठीत, अर्धे त्यांच्या बोलीत. विहिरीत आवाज घुमायला लागला. वीस झाले तेव्हा मीच घाबरले होते, माझ्या फुशारकीचं सगळं गाठोडं त्या शेपटीपाशी होतं. तेवीस. चोवीस. पंचवीस. बोट शेपटीला टेकलं.

“महसीर!” मी म्हटलं. गोड्या पाण्यातला वाघ म्हणतात त्याला. आम्ही त्याची चित्रं दाखवून पोरांना शिकवलं, आणि जिवंत, कयाधूच्या पाण्यातला, मी पहिल्यांदा बघत होते. तोही एका अकरावीतल्या पोरीच्या हातात.

वर गलका झाला. नायक काठावर दोन्ही हात टेकून वाकला होता. “माजा बाप सांगायचा, डोहात सोन्याच्या खवल्याचा मासा व्हता म्हनून. आमाला वाटायचं म्हातारं फेकून राहिलं.” आणि तो डोळे पुसायला लागला.

तेवढ्यात गर्दी सरकली. देविदास पायऱ्या उतरत होता. माझ्या शेजारी येऊन बसला. त्याने लेकीकडे बघितलं नाही, माशाकडे बघितलं.

“मॅडम, तुमी मोजलं ते बराबर असंल. पन मला मोजू द्या.”

त्याने हळदीचं बोट कानामागे ठेवलं. त्याच्याबरोबर कोणी मोजलं नाही. विहिरीत फक्त त्याचाच आवाज होता आणि तो मधूनच अडखळत होता. शेवटच्या खवल्यापर्यंत पोहोचला, बोट तिथेच राहिलं.

“पंचवीस हायेत,” तो म्हणाला. मग पहिल्यांदा लेकीकडे बघून म्हणाला, “छोरी, पंचवीसच हायेत.”

“मला ठाव हाय बापू,” शीतल म्हणाली. “आता सोडा. दम लागला त्याला.”

त्याने स्वतःच्या हाताने लुगड्याची कड खाली केली. मासा क्षणभर थांबला आणि हिरव्या पाण्यात उतरून गेला. खरं तर महसीर वाहत्या पाण्यातलं जनावर, हे मी नायकाला सांगितलं. तो म्हणाला, विहिरीचा तो विहिरीचाच. पण डोहात उंबराखाली असे आणखी आहेत म्हणून शीतल सांगत होती. त्या झाडाखाली कोणी जाळं टाकायचं नाही, असं नायकाने तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं.

ठरल्याप्रमाणे तांडा लिंबाखाली बसला. शीतल ओल्या कपड्यांनी उभी राहायला लागली, तर देविदासने तिला खाली बसवलं आणि स्वतः उभा राहिला.

“आज माफी मागायची ठरली व्हती,” तो म्हणाला. “ती म्या मागतो. पोरगी खरं बोलून राहिली व्हती, अन् म्या बाप असून बाजारातल्या मानसांचं ऐकलं.”

शीतल तोवर एकदाही रडली नव्हती. आता ती आईच्या मांडीत तोंड खुपसून ढसाढसा रडली. मीही रडले. सचिनने तेवढ्यात विहिरीवरून उचलून आणलेला माझा तोच पांढरा रुमाल माझ्यापुढे केला, त्याला माशाचा वास येत होता, आणि मला तो चालला.

परतीची वाट

दुसऱ्या दिवशी मला नांदेडच्या गाडीपर्यंत सोडायला सचिन येणार होता. पण देविदासने मोटारसायकल आधीच दारात लावली होती. अंघोळ केलेला, इस्त्रीचा सदरा घातलेला. शीतलने मला वाटेत खायला उंबरं बांधून दिली. मी म्हटलं, “अगो, मी महसीर नव्हे.”

वाटेवर जिथे जिथे चहाची टपरी होती तिथे तिथे देविदासने गाडी थांबवली. चहा नको म्हटलं तरी थांबवली. “ह्या मॅडम. रत्नागिरीच्या. माज्या पोरीचा मासा बघायला आल्या व्हत्या.” मग दोन्ही हात पसरून तो माशाची लांबी दाखवायचा. पहिल्या टपरीवर मासा होता तेवढाच होता. दुसरीवर तो खांद्यापर्यंत गेला. डोंगरकड्याच्या स्टँडवर त्याचे हात एवढे फाकले की शेजारच्या माणसाचा चहा सांडला.

मी प्राणिशास्त्राची बाई. अशा वेळी बोलायला हवं होतं. पण कोणीतरी हटकून विचारायचंच, “खवले किती व्हते म्हनता?” आणि प्रत्येक टपरीवर देविदास हात खाली घ्यायचा, एक बोट वर करायचा आणि सावकाश, एकही कमी-जास्त न करता सांगायचा, “पंचवीस. म्या सोता मोजले.”